हेलियमचे स्थान : एक चिकित्सा

जासई-उरणच्या खाडीकाठी पिकणारे चिमूटभर मीठ स्पिरिटच्या निळसर ज्वालेत टाकले की ज्वाला तत्काळ पिवळी होते. हा रंग सोडियमचा, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. वर्णपटदर्शकातून पाहिल्यास तेथे ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर दोन लगतच्या रेषा दिसतात. त्यांच्यापासून अवघ्या दीड-दोन नॅनोमीटरवर, ५८७.६ येथे, आणखी एक पिवळी रेषा संभवते. पण ती मिठाच्या ज्वालेत कधीही आढळत नाही. ती हेलियमची होय. एवढ्याशा अंतराचा पुरता उलगडा होण्यास सत्तावीस वर्षे लागली, आणि त्या उलगड्याच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा कोणता, याविषयी आपल्याकडे एक गैरसमज रूढ झाला आहे. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे वारंवार सांगितले जाते. त्या तिथीस तेथे स्मरणोत्सवही होतो. परंतु लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. सूर्यबिंबाच्या कडेवरील तेजःशृंगांचा वर्णपट त्यांनी ग्रहणावाचून पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडमध्येच. फ्रेंच ज्योतिर्विद जानसेन यांनी ग्रहण पाहिले ते गुंटूर येथे. मग विजयदुर्गाचे नाव आले कोठून? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर आले होते. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना लोकस्मृतीने एकत्र केल्या, असे अनुमान काढावे लागते.

मराठी मुलखाशी निगडित असा १८६८ चा खरा दाखला वेगळाच आहे, आणि तो उपेक्षित राहिला आहे. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ढगांच्या फटीतून तेजःशृंगाच्या तांबड्या, नारिंगी व निळ्या रेषा टिपल्या. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमचीच मानली. रेषा दिसली होती. नवे मूलद्रव्य मात्र दिसले नव्हते. ती सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे पुढे लॉकियर यांनी ध्यानात घेतले आणि तीवरून सूर्यावरील एका अज्ञात द्रव्याची कल्पना केली. ते धातू असावे या समजुतीने नावास ‘इयम’ हा धातुवाचक प्रत्यय लागला. निऑन, आरगॉन इत्यादी सजातीय वायूंच्या नावांत तो नाही. हेलियमच्या नावातच अशी एक चूक कायमची जतन झाली आहे.

येथे आवर्तसारणीचा प्रश्न उपस्थित होतो. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तत्कालीन ६३ मूलद्रव्यांची मांडणी अणुभारानुसार केली व रिकाम्या जागा धैर्याने तशाच ठेवल्या. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) यांनी त्या जागा भरून काढल्या. हेलियमसाठी मात्र सारणीत रिकामी जागाही नव्हती. १८९४ मध्ये आरगॉन सापडला आणि १८९५ मध्ये रॅमझे यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली, तेव्हा सारणीपुढे खरे संकट उभे राहिले. आरगॉन हा नायट्रोजनचाच त्रि-अणुक प्रकार असावा, असा तर्क मेंडेलीव्ह यांनीही करून पाहिला. अखेर संपूर्ण ‘शून्य गण’ जोडूनच सारणी टिकली. एखादे घर भरणे व नवा स्तंभ उभारणे यांत मोठा फरक आहे. पहिल्याने सिद्धांताची प्रचीती येते, तर दुसऱ्याने त्याची लवचिकता कसोटीस लागते.

अणुभाराची अडचणही राहिलीच. ३९.९ अणुभाराचा आरगॉन ३९.१ अणुभाराच्या पोटॅशियमच्या आधी का यावा? १९१३ मध्ये मोस्ले यांच्या क्ष-किरण मापनांनी अणुक्रमांकास प्रत्यक्ष आधार दिला, तेव्हा हा क्रम सयुक्तिक ठरला. तरीही हेलियमविषयीचा वाद मिटला असे म्हणता येत नाही. त्याच्या बाह्यतम कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन असल्याने रचनेच्या दृष्टीने तो बेरिलियमच्या वर शोभतो. शार्ल जाने यांनी १९२८ च्या सुमारास त्यास तेथेच बसविले. गुणधर्मांनी मात्र तो निऑनच्या वर, अठराव्या गणातच राहतो. आज ११८ मूलद्रव्यांची सारणी भिंतीवर टांगली असताना तिच्यातील दुसऱ्याच घराविषयी मतभेद संभवतो, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगितले पाहिजे.

‘शोध कोठे लागला?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. जमखंडीस रेषा दिसली, इंग्लंडात तिचे वेगळेपण ओळखले गेले, रॅमझे यांच्या प्रयोगशाळेत द्रव्य हाती आले, आणि शून्य गणाने त्यास अर्थ दिला. यांपैकी कोणताही एक टप्पा म्हणजे संपूर्ण शोध नव्हे. विजयदुर्गाचा अभिमान बाळगण्यास १८९८ चा पुरावा पुरेसा आहे. त्यासाठी १८६८ चे श्रेय उसने घेण्याचे कारण नाही. सोडियम व हेलियम यांच्या रेषांतील सूक्ष्म अंतर पाळणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांनी दोन ग्रहणांमधील तीस वर्षांचे अंतरही पाळावे, एवढीच अपेक्षा.