गडचिरोलीचा निबंध वाचताना

डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांचा नवजात बालकांवरील निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब देण्यास शिकवीत, जंतुदोष दिसल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो जवळजवळ हललाच नाही.

काम मोठेच. पण गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. शिवाय सर्व उपाय एकत्र दिल्याने कशामुळे किती बाळे वाचली, हे नेमके वेगळे काढता येत नाही. (विद्यार्थ्यांना ही त्रुटी शोधायला लावावी.) २०११ मध्ये सरकारने 'आशा' कार्यकर्तींच्या घरभेटी स्वीकारल्या, इंजेक्शन मात्र वगळले. मग गडचिरोलीइतकाच फरक पडेल, याला आधार काय?