आपत्ती आणि गावचे वर्तमानपत्र

राजधानीतल्या वृत्तपत्राला भूकंप ही एक मोठी बातमी असते. गावच्या पत्राला तो आपल्याच वर्गणीदारांवर कोसळलेला प्रसंग असतो. पत्राची खरी परीक्षा करावयाची ती अशा वेळी.

जपानातील ‘इशिनोमाकी हिबी शिम्बुन’ हे १९१२ साली निघालेले छोटे दैनिक. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली, वीज गेली, छपाई थांबली. दुसऱ्या दिवशी तेथील मंडळींनी छपाईच्या कोऱ्या कागदावर जाड लेखणीने अंक हाती लिहिला व त्याच्या प्रती लोकांनी आसरा घेतलेल्या जागी भिंतींवर चिकटविल्या. असे ६ दिवस चालले. त्या मजकुरात अग्रलेखाचा थाट नाही, आक्रोशही नाही. खऱ्या माहितीवरच विसंबून वागा, हा उपदेश मात्र आहे. ज्याचे घर वाहून गेले त्याला विशेषणे नकोत; मदत कोठवर आली ते हवे. हा विवेक फार मोलाचा.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या ‘टाइम्स-पिकायून’चा बाणा निराळा. वादळाने शहर बुडू शकेल, असे त्याने २००२ सालीच लेखमालेतून बजावले होते. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ आले, बांध फुटले, सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. छापील अंक ३ दिवस निघाला नाही. बातम्या इंटरनेटवरून दिल्या गेल्या. ४ सप्टेंबरला पत्राने थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिले आणि मदतखात्याचे अधिकारी बडतर्फ करा, असे सुनावले.

परंतु दरम्यान खून-अत्याचारांच्या अफवा देशभर पसरल्या होत्या. ३१ ऑगस्टला शोधकार्यातले पोलीस लुटालूट थोपविण्याकडे वळविण्यात आले, आणि तेव्हाही माणसे पाण्यात अडकलेलीच होती. खुद्द या पत्रातही काही ऐकीव मजकूर आला. मात्र सप्टेंबर संपण्यापूर्वी त्यानेच शोध घेऊन यांतील बहुतेक कथांना आधार नाही, हे छापले. वरिष्ठांना जाब विचारणे धैर्याचे खरेच. आपलाच मजकूर खोडणे त्याहून अवघड.

यावरून जपानी माणूस सोशिक आणि अमेरिकन भांडखोर, असा निष्कर्ष काढणे सोपे, पण उथळ आहे. भिंतीवरचा अंक हा संकटातील पहिल्या ६ दिवसांचा. तेव्हा जाब विचारण्यास सवड कोठली? उलट दुसऱ्या पत्राचे मोठे काम ३ वर्षे आधीच झाले होते. भेद स्वभावाचा कमी, वेळेचा अधिक. आधी इशारा, मग नेमकी वार्ता, शेवटी जाब आणि दुरुस्ती, असा हा एकच धर्म आहे. आपल्या दारी रोज पडणारे पत्र यातले किती पाळते, हे वाचकाने पूर येण्याआधीच पाहून ठेवावे.