अर्पणपत्रिकेबाहेरचा माणूस

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपण अभिमानाने करतो आणि तो रास्तच आहे. पण तिच्या आडून एक समज आपल्या मनात नकळत रुजला आहे. तिकडच्या गुलामांना गोऱ्यांनी मुक्त केले, हा तो समज. गुलामांनी स्वतः काय केले, असे आपण फारसे विचारत नाही. हा प्रश्न ज्यांच्या चरित्राने टोकदार होतो, त्यांपैकी एक हेन्री हायलँड गार्नेट. मिशनरी, महाविद्यालयाचे अध्यक्ष आणि अमेरिकेचे लायबेरियातील वकील अशी त्यांची ओळख चरित्रकोशात सापडते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे.

गार्नेट १८१५ साली मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. १८२४ साली एका अंत्यविधीला जाण्याची परवानगी काढून सारे कुटुंब पळाले आणि न्यूयॉर्कला पोचले. तेथे काळ्या मुलांसाठी चाललेल्या शाळेत ते शिकले. १८२९ साली गुलाम पकडणारे घरावर चालून आले. बाप उडी मारून निसटला, बहीण पकडली गेली, घरातल्या सामानाची मोडतोड झाली. जहाजावरच्या नोकरीहून परतलेल्या हेन्रीने हे पाहिले आणि चाकू विकत घेऊन तो भर रस्त्यात शत्रूंना शोधत हिंडला.

१८३५ सालची गोष्ट तर आपल्या वाचकांना परकी वाटणारच नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या कनान गावी काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणारी एक अकादमी निघाली होती. गार्नेट तेथे दाखल झाले. गावकऱ्यांनी काय करावे? त्यांनी बैल जुंपले आणि शाळेची इमारतच पायापासून ओढून नेली. पाणवठा असो की शाळा, स्पर्शाने बाटणारी माणसे पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे सारखीच. पुढे गार्नेट ओनायडा येथे शिकून धर्मोपदेशक झाले. १८४० साली त्यांचा एक पाय कापावा लागला.

१८४३ च्या ऑगस्टमध्ये बफेलो येथे काळ्या नागरिकांची राष्ट्रीय परिषद भरली. सत्तावीस वर्षांच्या गार्नेटने तेथे गुलामांना उद्देशून एक भाषण वाचले. साहित्य म्हणून याच भाषणाचा विचार झाला पाहिजे. त्याचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्याचा श्रोता. तोवर परिषदा गुलामांविषयी बोलत, आणि बोलत त्या गोऱ्यांशी. गार्नेट थेट मळ्यावर राबणाऱ्या माणसाशी बोलतो. ‘त्यांचे दुःख’ म्हणणारे साहित्य आणि ‘तुझे-माझे दुःख’ म्हणणारे साहित्य यांतला फरक दलित साहित्याच्या वाचकाला वेगळा सांगायला नको.

दुसरे वैशिष्ट्य युक्तिवादाचे. मालकाचा धर्म गुलामाला सांगे की सहन कर, त्यात पुण्य आहे. गार्नेट तोच धर्म हाती घेऊन उलटा करतो. गुलामाला देवाच्या आज्ञा पाळता येत नाहीत, म्हणून गुलामी मुकाट्याने सोसणे हेच पाप. तिसरे, तो व्हेसी, टर्नर, सिंके अशा बंडखोरांची नावे घेतो आणि गुलामांना त्यांचा इतिहास परत देतो. मालकापुढे जा, काम नाकारा, मग जे होईल ते होवो, असा त्याचा रोख आहे. फ्रेडरिक डग्लस यांनी विरोध केला. परिषदेने अवघ्या एका मताने ते भाषण नाकारले. १८४८ साली गार्नेटने ते डेव्हिड वॉकरच्या पत्रकासह छापले. त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली.

भाषणात उणीव नाही असे नव्हे. त्यात स्त्री येते ती पुरुषाच्या अब्रूची खूण म्हणून, लढणारी म्हणून फारशी नाही. आणि त्यांची पत्नी ज्युलिया विल्यम्स स्वतः कनानच्या त्या शाळेत शिकलेली कार्यकर्ती होती.

भाषणावर एका गोऱ्या मुक्तिवादी बाईंनी टीका केली. या तरुणाला कोणीतरी चुकीचा सल्ला दिला असावा, असा तिचा सूर होता. गार्नेटने जाहीर पत्राने उत्तर दिले. तुमच्याप्रमाणेच विचार केला नाही तर मला ठेचणार असाल, तर तुमची मुक्तीची चळवळ हीही गुलामीच, असे त्याचे सार आहे. आपला कैवार घेणाऱ्यांना इतक्या स्पष्टपणे उत्तर देणे आपल्याला आजही जड जाते.

यानंतर पदे आली. १८५२ मध्ये स्कॉटलंडच्या एका चर्चने त्यांना जमैकात मिशनरी म्हणून पाठवले. १८६५ च्या १२ फेब्रुवारीला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात त्यांचे प्रवचन झाले. त्या सभागृहात बोलणारे ते पहिले काळे गृहस्थ. विषयासाठी त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला तेविसावा अध्याय निवडला. इतरांच्या खांद्यावर जड ओझी बांधून स्वतः बोटही न लावणाऱ्या धर्मपंडितांचा तो अध्याय आहे. फुल्यांचा वाचक येथे थबकल्याशिवाय राहणार नाही. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या काळ्यांच्या एव्हरी कॉलेजचे ते अध्यक्ष झाले. १८८१ मध्ये त्यांना लायबेरियाचे वकीलपद मिळाले. मित्रांनी प्रकृतीची आठवण करून दिली, तरी ते गेले. १३ फेब्रुवारी १८८२ रोजी मनरोव्हियात त्यांचा मृत्यू झाला.

ही शेवटची पायरी मला अस्वस्थ करते. लायबेरियात अमेरिकेहून गेलेले काळे लोक सत्ताधारी झाले होते आणि मूळच्या जमातींना त्यांनी खालच्या पायरीवर ठेवले होते. आफ्रिकेला सुसंस्कृत करण्याची भाषा गार्नेट स्वतः १८५८ पासून बोलत होते. ज्याने मालकाचा धर्म उलटा केला, त्याला मालकाचा ‘संस्कृती’ हा शब्द उलटा करता आला नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटली ती हीच. वरची लाथ खाणाऱ्याला खाली कोणीतरी सापडतेच.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन वस्तीत गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्याने पेढा हातात धरून विचारले, “आता तू आमचा का त्यांचा?” मी हसून वेळ मारून नेली. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती या प्रश्नातच होती. आज माझे विद्यार्थी विचारतात, सर, अधिकारी व्हावे की चळवळीत राहावे? गार्नेटचे चरित्र त्याला सोपे उत्तर देत नाही. पद घेतल्याने माणूस विकला जातो असे त्यावरून म्हणता येत नाही. प्रतिनिधिगृहात उभे राहूनही त्यांनी धर्मपंडितांना सुनावलेच. पण पदावर गेल्यावर आपण कोणाशी बोलतो, मळ्यावरच्या माणसाशी की मालकाशी, आणि आपल्या पायाखाली कोण आहे, एवढे तरी रोज तपासावे लागते. म्हाताऱ्याला द्यायचे उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे.