अक्षरांना पाय कशाला?

यूट्यूबवर अहिराणी गाणं शोधलं की आधी दिसतं ते थंबनेल. बोटभर जागेत गाण्याचं नाव, गायकाचं नाव, तेही ठसठशीत. त्यासाठी जाड आणि चिंचोळा फाँट लागतो.

ही गरज जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जाहिरातींची भित्तिपत्रकं वाढली, तेव्हाही कमी जागेत मोठ्याने ओरडायचं होतं. सुमारे १८१५ मध्ये लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने पायाशी चौकोनी ठोकळे असलेली जाड अक्षरं आणली. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीचा ‘क्लॅरेंडन’ आला. अमेरिकेत लाकडी टाइपामुळे हीच अक्षरं हवी तितकी उंच आणि अरुंद कापता आली. या घराण्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. काउबॉय सिनेमातलं ‘वाँटेड’चं पोस्टर आठवा.

आज कॅफेच्या बोर्डापासून टी-शर्टपर्यंत ‘व्हिंटेज’ म्हटलं की हाच साचा येतो. इंग्रजीत तो शोभतो. देवनागरीवर चढवला की काय होतं, ते ‘जळगाव’ आणि ‘धुळे’ या दोन नावांवर तपासू.

‘जळगाव’मध्ये चार उभे दंड आहेत. त्यातले ‘गा’चे दोन अगदी शेजारी, वरून शिरोरेषेने बांधलेले. खाली दोघांना ठोकळे लावले की ते एकमेकांना भिडतात आणि अक्षराची खिडकी होते. ‘धुळे’त ‘ध’च्या दंडाच्या टोकाला उकार लागतो, ठोकळ्यालाही नेमकी तीच जागा हवी असते. आणि ‘ळ’? दोन गोल शेजारी-शेजारी. अक्षर दाबलं की आतली पोकळी बुजते. भुसावळ, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव... खानदेशात ‘ळ’ टाळणार कसा? बोलताना आपण ‘धुये’, ‘जयगाव’ म्हणून सुटतो. पाटीवर ती सोय नाही.

मूळ चूक साधी आहे. रोमन अक्षरं खालच्या ओळीवर उभी राहतात, म्हणून ठोकळे त्यांना पाया देतात. आपली अक्षरं वरून लटकतात. ओळ बांधण्याचं काम शिरोरेषा आधीच करते.

मग मोफत मिळणाऱ्या फाँटमधून काय निवडावं? इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘खंड’ चिंचोळा असूनही पोकळ्या मोकळ्या ठेवतो, ‘ळ’ वाचता येतो. पण रेघा जवळपास एकाच जाडीच्या, त्यामुळे तो बातम्यांच्या पट्टीसारखा आजचा वाटतो. त्यांच्याच ‘रोझा वन’मध्ये जाड-बारीक रेघांचा थाट आहे, पोस्टरवर खुलतो, थंबनेलमध्ये मात्र बारीक रेघा विरून जातात. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडला. त्याच्या तिरक्या कापात जुनेपणा आहे, आणि तो आपला आहे. पण तो ऐसपैस आहे, वजनही एकच.

म्हणजे जागा रिकामी आहे: ‘खंड’सारखा अरुंद, ‘यात्रा’सारखा हाताची आठवण ठेवणारा फाँट. त्याची जाडी शिरोरेषेत असावी, पायात नको.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. अहिराणी आज अनेकांना पुस्तकाच्या पानावर भेटत नाही, ती मोबाइलच्या या चौकटीतच भेटते. तिथे तिला उसन्या काउबॉयचे बूट घातले, तर आपला जुनेपणा दिसायचा कुठे? पुढच्या वेळी फाँट निवडताना आधी ‘धुळे’ टाइप करा. तिथे जो टिकेल, तोच आपला.