‘उकिडवे’, ‘बैठक’ आणि ‘स्क्वॉट’ : आसनवाचक इंग्रजी शब्दांच्या मराठी अर्थांतराची चिकित्सा

बसण्याच्या पद्धती दर्शविणारी क्रियापदे इंग्रजीत विपुल आहेत. स्क्वॉट, क्राउच, नील, स्लाउच, लॉल, स्प्रॉल, पर्च यांपैकी प्रत्येक शब्द देहाची ठेवण एकाच पदात सांगतो; काही शब्द तर तिच्याविषयीचा अभिप्रायही सोबत आणतात. मराठीची घडण निराळी आहे. तीत ‘बसणे’ हेच मुख्य क्रियापद राहते आणि तपशील त्याच्या आधी येतो : मांडी घालून, उकिडवे, चवड्यांवर, फतकल मारून, पाय मुडपून, गुडघे उराशी धरून. शब्दासमोर शब्द ठेवणारी द्वैभाषिक सूची या क्षेत्रात म्हणूनच विशेष अपुरी पडते.

‘स्क्वॉट’ हे याचे ठळक उदाहरण होय. सूचीत त्याचा अर्थ ‘उकिडवे बसणे’ असा मिळतो. तो चुकीचा नाही. मात्र मराठीने तीन ठिकाणी वाटून दिलेला आशय या एका शब्दात एकवटला आहे, हे त्यातून कळत नाही. कांद्याच्या वाफ्यात खुरपणारी स्त्री उकिडवी बसते. तालमीतला पहिलवान बैठका मारतो. शाळेत शिक्षा झालेला मुलगा कान धरून उठाबशा काढतो. श्रम, व्यायाम आणि शिक्षा यांसाठी मराठीत तीन शब्द आहेत, इंग्रजीत एकच. शिवाय पराया जागेवर बेकायदा ठाण मांडणे हाही ‘स्क्वॉट’चाच अर्थ. मिरजगावसारख्या कर्जत तालुक्यातील गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिन्ही क्रिया घरच्या माहितीच्या असतात. तरीही व्यायामाच्या इंग्रजी मजकुरातील ‘स्क्वॉट्स’ त्याच्या भाषांतरात ‘उठाबशा’ होऊन उतरल्या, तर दोष सूचीचा मानावा लागेल.

या विषमतेचे मूळ खुर्चीत शोधता येते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1934 च्या ‘देहतंत्रे’ या व्याख्यानात उकिडवे बसणारे आणि तसे न बसणारे अशी मानवजातीची विभागणी सुचविली, आणि मूल सहज उकिडवे बसते, मात्र आपण प्रौढ ते विसरलो, अशी खंत व्यक्त केली. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ गॉर्डन ह्यूज यांनी 1955 मध्ये निरनिराळ्या समाजांतील आसनांचा तौलनिक आढावा घेतला. मानवी देहाला शक्य असलेल्या स्थिर स्थितींची संख्या त्यांनी सुमारे 1000 मानली. खुर्चीची सवय जडलेल्या समाजाला जमिनीवरचे बसणे एकाच ढोबळ नावाने भागविता आले असावे. उलट, पाठ ताठ की सैल याविषयी इंग्रजी विलक्षण जागरूक आहे. स्लाउच, लॉल, स्प्रॉल या शब्दांना मराठीत नेमके प्रतिशब्द नाहीत. ‘लॉल’ला ‘लोळणे’ जवळचे वाटते, ते केवळ नादामुळे. लोळणारा आडवा झालेला असतो. ‘फतकल’ या शब्दातही नापसंती आहे, तथापि तिचा रोख पाठीच्या कण्यावर नाही. चारचौघांत सैल, ऐसपैस बसून मर्यादा सोडणे, हा त्यातला ठपका होय.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. ‘तो पैसे उसने देऊन बसला’ या वाक्यात कोणीही बसलेले नाही. येथे ‘बसणे’ सहायक क्रियापद होऊन केल्या कृतीचा पश्चात्ताप सांगते. ‘रडत बसली’ यात निष्फळ सातत्य आहे. इंग्रजीत ‘सिट’ला हे काम नेमून दिलेले नाही. म्हणून शब्दशः भाषांतर हास्यास्पद होते आणि अर्थानुसारी भाषांतरातून आसनाची प्रतिमाच नाहीशी होते. ‘परीक्षेला बसणे’ मात्र दोन्ही भाषांत आढळते, आणि त्यामुळेच विद्यार्थी उरलेल्या प्रयोगांबाबत बेसावध राहतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831, दुसरी आवृत्ती 1857) या बाबतीत पुढील अनेक शालेय शब्दसूचींपेक्षा सावध आहे. प्रतिशब्द अपुरा वाटल्यास तो वर्णन करून सांगतो. साहित्याच्या अनुवादकाला एवढीही सोय नसते, कारण कथनाच्या ओघात व्याख्या देता येत नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978) हे याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील धामणगावी जन्मलेल्या लेखकाचे आत्मकथन. जेरी पिंटो यांनी ते 2015 मध्ये इंग्रजीत आणले. ज्या गावगाड्याचे हे लेखन आहे, त्यात कोणी ओट्यावर बसायचे, कोणी पायरीशी आणि कोणी अंगणात मातीवर, हे जातीने ठरविलेले होते. अशा अंगणात उकिडवा बसलेला माणूस इंग्रजीत ‘स्क्वॉट’ करू लागला की गुडघे कसे दुमडले ते वाचकाला समजते. त्याला वर ओट्यावर का बोलावले नाही, हे त्या क्रियापदात येत नाही. तेथे ओटा, पायरी आणि अंगण यांतील अंतर अनुवादकाने शेजारच्या वाक्यांत राखावे लागते, आणि ‘व्हरांडा’ या एकाच शब्दात तिन्ही मिसळण्याचा मोह टाळावा लागतो.