‘सीपॅपचा उपयोग नाही’ असं तो पेपर म्हणतच नाही

दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा त्याचं सीपॅप मशीन पिशवीत गुंडाळून कपाटावर टाकलेलं दिसलं. मामाला स्लीप अ‍ॅप्निया आहे आणि तो रात्रीचा टेम्पो चालवतो. विचारलं तर म्हणाला, “अगं, त्याने हार्ट अटॅक टळत नाही असं संशोधनात निघालंय.” कुणीतरी मोबाइलवर बातमी पाठवली होती.

गंमत म्हणजे बातमी खोटी नव्हती. मूळ पेपर खरा आहे, चांगलाही आहे. तरीही मामाने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. हे कसं होतं, ते आज नीट पाहू. संशोधनात पडणार असाल तर हाच खड्डा तुमच्याही वाटेत आहे.

आधी दोन शब्दांत आजार. झोपेत घशातली वाट वारंवार मिटते, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. तासाला असं किती वेळा होतं, तो आकडा म्हणजे एएचआय. सीपॅप मास्कमधून हवेचा सतत दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली.

आता पेपर. २०१६, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, ट्रायलचं नाव ‘सेव्ह’. सात देश, त्यात भारतही. ४५ ते ७५ वयाचे २,७१७ लोक, सगळ्यांना आधीच हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले: एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत सीपॅप. सरासरी ३.७ वर्षांनी हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू वगैरे घटना मोजल्या. सीपॅप गटात १७ टक्के, दुसऱ्या गटात १५.४ टक्के. हॅझर्ड रेशो १.१०, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.९१ ते १.३२. म्हणजे फायदा दिसला नाही. बातमी इथे संपते. आपलं वाचन इथून सुरू होतं.

पहिला प्रश्न: ट्रायलमध्ये कोण नव्हतं? ज्यांना दिवसा फार झोप येते, किंवा झोप लागून अपघात होण्याचा धोका आहे, त्यांना घेतलंच नव्हतं. आणि ते बरोबरच होतं, कारण अशा माणसाला वर्षानुवर्षं मशीनविना ठेवणं नैतिक नाही. पण याचा अर्थ असा की माझा मामा या पेपरमध्ये नाहीच. वगळण्याचे निकष आपण भराभर ओलांडतो. तसं करू नका. पेपर कुणाबद्दल बोलत नाही, ते तिथेच लिहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न: उपचार किती झाला? सरासरी ३.३ तास. पेपरमध्ये एएचआय २९ वरून ३.७ वर आला असं दिसतं आणि वाटतं, आजार गेलाच की! पण तो ३.७ मशीन लावलेलं असतानाचा आहे. मास्क काढून टाकल्यावर उरलेल्या रात्री श्वास पुन्हा अडणारच. त्यात स्वप्नांची आरईएम झोप पहाटेकडे जास्त असते आणि अनेकांचा अ‍ॅप्निया तिच्यातच बळावतो. तेव्हा ट्रायलने तपासलं ते ‘रात्रभर सीपॅप’ नव्हे, तर ‘सीपॅप देऊन लोक वापरतील तितकं’. हा दुसरा प्रश्नही मोलाचा आहे, फक्त तो वेगळा आहे.

तिसरा प्रश्न सीपॅपच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी. ते म्हणतात, चार तासांपेक्षा जास्त वापरणाऱ्यांना बघा, त्यांच्यात पक्षाघात कमी दिसले! दिसले, खरंय. पण जरा थांबा. १९८० मध्ये कोरोनरी ड्रग प्रोजेक्टचं एक विश्लेषण आलं. नियमित गोळ्या घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, टाळाटाळ करणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. आणि त्या गोळ्या प्लासिबो होत्या, त्यांत औषधच नव्हतं! जो माणूस नेमाने गोळी घेतो तो बहुधा चालायलाही जातो, पथ्यही पाळतो. ‘सेव्ह’च्या लेखकांनी वापरणाऱ्यांच्या जोड्या दुसऱ्या गटातल्या तशाच लोकांशी लावल्या, पण जोडी मोजलेल्या गोष्टींचीच लावता येते. नेमस्तपणा कशाने मोजणार? त्यामुळे हा निकाल पुढच्या ट्रायलसाठी इशारा आहे, पुरावा नाही. स्वतःला हवा तो निकाल वाचवताना आपण सगळे ढिले पडतो, मीसुद्धा.

हीच फूटपट्टी इतर पर्यायांनाही लावा. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण एएचआय सीपॅपइतका उतरवत नाही, पण लोक ते जास्त तास लावतात. जिभेच्या नसेला चेतना देणाऱ्या यंत्राच्या २०१४ च्या ट्रायलमध्ये १२६ जण होते आणि सुरुवातीच्या वर्षभराच्या निकालात तुलनेला वेगळा गट नव्हता. टिर्झेपटाइड इंजेक्शनने एएचआय बराच उतरतो असं २०२४ मध्ये दिसलं, पण ते लठ्ठपणा असलेल्यांमध्ये. प्रत्येक ठिकाणी विचारा: कोण, किती, आणि मोजलं काय?

शेवटचा मुद्दा तर ‘सेव्ह’च्या सारांशातच आहे. सीपॅप गटात घोरणं कमी झालं, दिवसाची झोप कमी झाली, मनःस्थिती सुधारली. हे बातमीत नव्हतं. हार्ट अटॅक टळत नाही म्हणजे उपयोग नाही, ही उडी पेपरने मारलेली नाही. ती वाचणाऱ्याने मारली.

मामाला मी आकडे सांगितले नाहीत. एवढंच विचारलं, “मामा, पहाटे तीनला घाटात डोळा लागला तर?” तो गप्प बसला. मग म्हणाला, मास्क नाकाला टोचतो. खरं कारण ते होतं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही मास्क बदलून आणला. हल्ली फोनवर मी विचारते, “किती तास?” कधी पाच सांगतो, कधी विषय बदलतो.