दार, फाटक आणि कथनाची बाजू

मराठी महानगरीय कथनात दार हे केवळ स्थळवर्णन नसते. मानवी संबंधांची ती कसोटी असते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) सामायिक जगणे हाच कथनाचा आधार आहे. चाळीच्या गॅलरीत येणाऱ्याला आधी बोलावे लागते. दिल्ली विकास प्राधिकरणाने सेक्टरांत आखलेल्या द्वारकेतील गृहनिर्माण संस्थांमध्ये, जेथे अ‍ॅपद्वारे प्रवेशनोंद होते तेथे, हा क्रम बदलतो. सामान पोहोचविणारा फाटकाशी थांबतो, पहारेकरी त्याचे नाव नोंदवितो आणि वरच्या मजल्यावरील रहिवासी स्मार्टफोनवर बोट टेकवून अनुमती देतो. या व्यवस्थेतील सोय आणि सुरक्षितता खरी आहे. परंतु ओळख एकालाच द्यावी लागते. संवादाची जागा नोंद घेते.

नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) श्रमिकाला वर्ण्यविषय न ठेवता बोलता केले. अ‍ॅपच्या नगरीविषयीचे लेखन केवळ रहिवाशाच्या पडद्यातून पाहील, तर तोच श्रमिक पुन्हा निःशब्द होईल. म्हणून तौलनिक अभ्यासकाने कृतीत कोणती उपकरणे आली यापेक्षा कथन फाटकाच्या कोणत्या बाजूने होते, हे प्रथम तपासले पाहिजे.